निरोपाचा विडा आणि करवंदवाडीची सुईण

वाचणारास श्रीकृपेने दीर्घायुष्य असो. ज्यांस ते लाभले नाही त्यांची ही हकीकत. शके सोळाशे पंचावन्न, प्रमादी नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी महाराजांचे चित्तात आले जे, राजवाड्यात माणसे ऐंशी वर्षे जगतात आणि घाटमाथ्यावर बाळंतिणी विशीत मरतात, हे राज्यास भूषण नव्हे. मग आरोग्यसाम्याची थोर सभा योजिली, आणि देशोदेशींचे दोनशे वैद्य पालख्या धाडून आणविले, आणि पंत अमात्य वदले, "डोंगरचे एखादे माणूसही असावे, सभेस शोभा येईल." मग सात वाड्यांत मिळोन सुईण एकच, करवंदवाडीची कोंडाई, तीस स्वार पाठवून सन्मानाने आणिली. निघताना ती म्हणाली, "सुनेचे दिवस भरत आलेत. पोर आडवे आहे, माझ्या हातावाचून फिरायचे नाही. आठ दिवसांत मला परत आणून सोडा." स्वाराने शब्द दिला.

सभा तीन दिवस चालली. कोंडाईस मऊ गादी दिधली, बोल म्हणोन कोणी म्हटले नाही. तिसरे दिवशी ठराव जाहला की कोणीही बाळंतीण सुईणीवाचून राहू नये, आणि वैद्यांनी माना डोलाविल्या. मग कोंडाई उठली, तो चोपदार आडवा आला. कारण दरबारचा शिरस्ता ऐसा की निरोपाचा विडा घेतल्यावाचून कोणी जाऊ नये, आणि विडे मानाचे क्रमाने. पहिला मान उत्तरेचे वैद्यांचा की दक्षिणेच्यांचा, हा वाद पाच दिवस चालला.

"लेकरा, माझा विडा तूच खा, मला जाऊ दे."

"आजी, मी खाल्ला तर माझी चाकरी जाईल."

पंत हासोन म्हणाले, "बाई, गादी टोचते काय?"

"गादी मऊच आहे, पंत. ती माझ्या सुनेकडे धाडा, ती भुईवर पडलीय."

मग सर्वांचे शेवटी विडा मिळाला, आणि कोंडाई वाडीस पोहोचली, तो सून येशी आणि पोर यांस पुरून तिसरा दिवस होता. ठराव ताजा होता, सबब सरकारातून चौकशी जाहली, आणि कारकुनाने लिहिले, "वाडीस सुईण आहे; प्रसंगी गैरहजर; कसूर तिची." याच कारकुनाने सभेचे यादीत "कोंडाई सुईण, हजर" लिहिले होते. कोंडाईने पुराव्यास विडा पुढे ठेविला. तो सुकला होता म्हणोन ग्राह्य धरिला नाही, आणि तीस सुईणपणास मनाई जाहली.

तात्पर्य इतुकेच की सभा सुफळ जाहली. सात वाड्यांस पूर्वी सुईण एक होती आणि ठराव नव्हता. आता ठराव आहे.