रॅकवाल्यांचा खुलासा

"...रॅकवाल्यांनी चालू मशीनमधलं कार्ड हातानं ओढून काढलं, आणि म्हणे अख्खं—"

जिन्यात एवढंच ऐकू आलं आणि बोलणाऱ्याच्या मागे दार लागलं. शेजारच्या वहिनींना अर्धं वाक्य पुष्कळ होतं. दोन मजले चढेपर्यंत उरलेलं त्यांनी स्वतःच पुरं केलं: अख्ख्या गावाचे फोन बंद, हात भाजलेला, नोकरी गेल्यात जमा.

त्यामुळे टेलिफोन ऑफिसातले रॅकवाले संध्याकाळी क्वार्टरवर आले, तेव्हा बायकोनं दारातच त्यांचे दोन्ही पंजे उलटेसुलटे करून पाहिले. मागे वहिनी मलमाची ट्यूब उघडून तयार.

"अगं, काही झालेलं नाही मला!"

"मग खिशात ते पत्र कसलं?"

(बायकोपासून पत्र लपवायचं, तर शर्टाला खिसाच असू नये.)

पत्र साहेबांचं होतं. साहेबांचा नियम असा की, कार्ड बदलायचं तर आधी सगळा रॅक, म्हणजे फोनच्या लाइनींची कार्डं खोचलेलं अख्खं कपाट, बंद करायचा. यांनी तो चालू ठेवून कार्ड काढलं होतं. उद्या अकरापर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर आवक-जावकच्या टेबलावर बसा. वीस वर्षं मशीनशी गप्पा मारलेल्या माणसानं आता पाकिटांना शिक्के मारायचे!

"लिहून टाका ना, चुकलं म्हणून," बायको म्हणाली.

"काय चुकलं? त्या रॅकवर दवाखान्याची लाइन आहे. तो बंद केला की त्यांचा फोन बंद. आणि कार्डात त्याचसाठी सर्किट दिलंय. आधी खिटी उचलायची, सर्किट आतला करंट हळूहळू तोडतं. निळा दिवा लागला की कार्ड मुकाट्यानं बाहेर. मी दिव्यासाठी थांबलो होतो. माफीबिफी मिळणार नाही!"

"आणि तसं सर्किट नसतं तर काय झालं असतं हो, भावजी?"

वहिनींनी हे विचारायला नको होतं.

रॅकवाले तडक स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर विजेची शेगडी लालबुंद झाली होती.

"अहो, त्यावर भाजी आहे!"

"भाजी राहू दे. बघा. इथे सर्किट नाही, खिटी नाही, दिवा नाही. आता एक छोटी ठिणगी पडेल. घाबरायचं नाही."

त्यांनी प्लग ओढला. ठिणगी पडली, पण छोटी नव्हती. प्लगबरोबर अख्खं सॉकेट भिंतीतून बाहेर आलं, मागच्या वायरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, फट्‌ असा आवाज झाला आणि चारही मजल्यांवर काळोख पसरला. (सॉकेट सहा महिने सैल होतं. ते घट्ट करायचं काम कोणाकडे होतं, हे बायको सांगेल.)

काळोखातून विजयी आवाज आला, "बघितलंत? हेच म्हणत होतो मी!"

तेवढ्यात जिन्यातून टॉर्चचा उजेड वर आला. टॉर्चमागे साहेब. त्यांचं क्वार्टर तळमजल्यावर.

"रॅकवाले, मी तुमच्याकडेच निघालो होतो. मशीनची नोंद तपासली. एकही फोन तुटला नाही. तुम्ही कार्ड काढलंत तेव्हा दवाखान्यातले डॉक्टर बोलतच होते. तुमचं बरोबर. नियम उद्या बदलतो, तुम्ही रॅकवरच राहा."

रॅकवाल्यांची छाती दोन इंच फुगली. टॉर्च मात्र फिरत फिरत भिंतीतल्या भोकावर येऊन थांबला.

"खुलासा लागेलच. याचा."

म्हणजे वहिनींची बातमी अगदीच खोटी नव्हती. ओढलं होतं खरं, अख्खं काहीतरी बंदही पडलं होतं. फक्त गाव नव्हे, इमारत. मलम मात्र तसंच परत गेलं.

रॅकवाल्यांनी खुलासा मेणबत्तीसमोर ताठ मानेनं लिहिला. शेवटची ओळ मुद्दाम दोनदा गिरवली: 'प्रसंग आला तर मी पुन्हा ओढीन.'

कागद पाकिटात जाण्याआधी बायकोनं पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं: 'फक्त ऑफिसात. घरी आम्ही वायरमन बोलावू.'