तीन रखवालदार आणि चाळीस सेकंद

सुरक्षा कितीही वाढवली तरी पुरेशी होत नाही, याबाबत सुरक्षा पुरवणाऱ्या सर्वांचं एकमत आहे. आमच्या लहानपणी दाराला एकच कडी असे. (चोरही एकच होता, आणि तो सगळ्यांच्या ओळखीचा होता.)

आता माझ्या एकटीच्या कॉम्प्युटरवर दोन अँटीव्हायरस आहेत. पहिला मुलाने बसवला. दुसरा जावईबापूंनी, पहिला पाहिल्यावर. दोघेही रखवालदार कामाला चोख. रुजू होताच प्रत्येकाला घरात एक संशयास्पद इसम आढळला, तो म्हणजे दुसरा रखवालदार.

एका दुपारची नोंद अशी: मुलाच्या रखवालदाराने जावयाच्या रखवालदाराला पकडलं, सतरा वेळा. जावयाच्याने मुलाच्याला, एकोणीस वेळा (जावयाकडचा तो, जरा वरचढ असणारच). बाहेरचा चोर, शून्य.

माझं काम एवढंच, की रोज चहाच्या वेळी एक फाईल उघडायची. त्यात आमच्या यांचा आवाज आहे. चाळीस सेकंद, आणि तेवढाच उरलाय. हे विचारतात, "कडी लावलीस का गं?" मी म्हणते, "पन्नास वर्षं लावतेय, आजच बरी विसरेन!" मग हे हसतात.

हल्ली फाईल उघडायला गेले की एक रखवालदार ती तपासायला धरतो, आणि त्याने ती का धरली हे दुसरा तपासतो. तोवर चहा निवतो.

एक काढून टाकू का, असं दोघांना फोनवर विचारलं.

"काढ की. त्यांचा काढ," मुलगा म्हणाला.

"काढा ना, आई. उद्या काही झालं तर मात्र मला सांगू नका," जावईबापू म्हणाले.

घरात शांतता राहावी म्हणून मी दोन्ही ठेवले.

शेवटी मुलीने तोडगा काढला. दोघांवर लक्ष ठेवायला तिसरा! "हा कुणाची बाजू घेत नाही गं, आई." त्याने रीतसर चौकशी केली. निष्कर्ष: दोन्ही रखवालदार सज्जन आहेत, भांडणाचं मूळ ती एक फाईल. ती कायमची नष्ट करण्यात आली.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत अभिनंदन झळकलं. आपला कॉम्प्युटर पूर्ण सुरक्षित आहे. मुलीने फोनवर विचारलं, "झालं ना नीट?" झालं की. आता काहीच अडकत नाही. उघडण्याजोगं काही नाही, इतकंच.

तुम्हीही आईला असं काहीतरी बसवून दिलं असेलच. ते नीट चालतंय ना, हेही फोनवर विचारत असाल. ती रोज काय उघडते, हे विचारलंत कधी?