पुष्पामावशींचा पत्ता

पुष्पामावशींकडे जायचं तर फोन आपल्या घरी ठेवून जावं लागतं. आमच्या परतूरच्या गल्लीत दूधवाल्यालाही हे ठाऊक आहे. कुणी खिशात घेऊन आलंच, तर मावशी दारातच अडवतात. "त्याला बाहेर ठेवा, मंग आत या."

माझ्या शेजारी त्या भाड्यानं राहायला आल्या, एकट्याच. ब्लाऊज शिवतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या फोनची झडती घेतली. "बाई, हे हवामानाचं कशाला ठेवलं? पाऊस बघायला आभाळ हाये. ह्याला तुमचं गाव कशाला पाहिजे?" मी शाळेत शिकवते, तरी वर्गातल्या पोरीसारखं ऐकून ते काढून टाकलं.

माझ्या लेकीच्या वाढदिवसाला फोटो काढताना म्हणाल्या, "मागं दुकानाची पाटी येऊन राह्यली. सरका." सरकलो, तर मागं पाण्याची टाकी आली. शेवटी त्यांनी चादर टांगायला लावली. सगळ्यांचे चेहरे आधार कार्डावरच्यासारखे आले.

स्वतः मात्र दर चतुर्थीला स्टेटस टाकायच्या. राजूरच्या गणपतीपुढं हात जोडलेला फोटो, खाली 'आज दर्शन झालं'. आणि तेव्हाच भिंतीपलीकडं त्यांची शिलाई मशीन खडखडत असायची. विचारलं तर म्हणायच्या, "देव काय इथून दिसत न्हाई का?" बाई जरा सरकलेली आहे, असं गल्लीचं मत पडलं. माझंही.

मागच्या चतुर्थीला मी खरंच राजूरला गेले. प्रसादाच्या दुकानांपाशी एक माणूस फोन दाखवत फिरत होता. पडद्यावर मावशींचा तोच फोटो.

"ही माझी सासू. दर चतुर्थीला इथं येती. माझ्या बायकोला हिनंच लपवलं. बघितली का कुठं?"

"नाही," मी म्हणाले.

"सापडू द्या एकदा," तो हळूच म्हणाला, आणि पुढच्या दुकानाकडे वळला.

परतूरला आल्यावर फोन घरी टाकला आणि मावशींना दारातच सगळं सांगितलं. त्यांनी आधी माझ्या मागचा रस्ता बघितला, मग मला. मग बाजूला सरकल्या.

आतल्या खोलीत एक तरुण बाई ब्लाऊजला हुक लावत बसली होती. रेखा, मावशींची लेक.

"नवरा मारायचा म्हणून हिला घेऊन जालन्यात ऱ्हायले," मावशी म्हणाल्या. "हिनं मैत्रिणीला गच्चीवरून एक फोटो धाडला. मागं टाकी होती. त्यानं टाकीवरून घर हुडकलं. हिचा हात तवाच मोडला."

"मला आधी का नाही सांगितलं?"

"मैत्रीणबी चांगलीच होती, बाई."

माझ्या ओळखीच्या वकीलबाईंकडे आम्ही तिघी गेलो. बऱ्याच खेपा झाल्या. अखेर कोर्टानं त्याला रेखाच्या जवळ यायची मनाई केली.

त्या दुपारी रेखा पहिल्यांदाच आमच्या ओट्यावर, उघड्यावर येऊन बसली. मावशी तिच्या शेजारी टेकल्या. मी चहा घेऊन बाहेर आले, तर त्या भिंतीला डोकं लावून गाढ झोपल्या होत्या. मी हाक मारणार, तेवढ्यात रेखानं खुणेनंच सांगितलं, उठवू नका.