सुरगाठीच्या छपरांची हकीकत

श्रीवायू आणि श्रीअग्नी या उभयता बंधूंस नमस्कार असो, आणि एकाने दुसऱ्यास चिथावू नये इतके मागून हे लिहिले जाते. शके सोळाशे छप्पन, आनंदनाम संवत्सरे, फाल्गुन मासी, एका राज्यात तळ्याकाठी चाळीस घरांचे गाव होते, भिंती मातीच्या आणि वर गवताची छपरे, आणि ती सर्व शाकारणारी चिमाबाई म्हणून होती. तिची रीत ऐसी की, शेवटची गाठ सुरगाठ मारावी, टोक ओढताच छप्पर खाली यावे. त्यावरून वणवा विझविणाऱ्यांचे सरदार हैबतराव तिजला नेहमी बोलत, "बाई, गाठ मारितेस की गंमत करितेस? निरगाठ मार." आणि ती म्हणे, "सरदार, बांधायला मला दिवस लागतो. सोडायला वणवा किती देईल, तेवढं विचारून या."

मग एके दुपारी डोंगरास वणवा लागला आणि वारा गावाकडे वळला, आणि ठिणग्या सावरीच्या कापसाप्रमाणे तरंगत पुढे आल्या, इतक्या सावकाश की लेकरे झेलावयास धावली. सरदार सर्व पुरुष घेऊन, नगारा वाजवीत, आगीच्या तोंडावर निघाले. चिमाबाई आडवी जाहली, "अहो, घरं ठिणगीनं पेटतात! निम्मी माणसं इथं ठेवा!" सरदार घोड्यावरून बोलिले, "ठिणगीशी काय लढावयाचे?" आणि गेले.

मग बाईने बायका जमविल्या आणि ओली गोणपाटे हाती दिली, आणि वाऱ्याकडच्या घरापासून एकेक टोक ओढीत चालली, आणि निजलेल्याच्या अंगावरून पांघरूण सरकावे तैशी छपरे उतरली, आणि बायकांनी ती तळ्यात लोटली. ऐशी एकोणचाळीस जाहली. चाळिसावे तळ्यालगत, तिची लेक भागू हिचे. भागू आठ दिवसांची बाळंतीण, तापाने पडलेली, कुशीत मुलगी. जागची हलविली तर वाचत नाही, ऐसे सुईण बोलली होती. चिमाबाईने वर हात घातला तो ओढावयास टोकच नाही. लेकीचे छप्पर कधी सुटू नये म्हणून तेवढ्या एका घरास तिने निरगाठी मारिल्या होत्या. नखे तुटली, दात लाविले, गाठ हलेना, आणि आढ्यापाशी एक ठिणगी येऊन बसली.

इतक्यात सरदार एकटेच माघारी आले, भुवया जळालेल्या, आणि बोलिले, "आग आमच्या डोक्यावरून उडून आली! आणि गाव कोणी लुटिले?"

"मी. तलवार काढा."

तलवार तीन पिढ्या म्यानात, गंजून बसलेली. उभयतांनी ओढिली तेव्हा निघाली. सरदार वर चढोन कापू लागले आणि पुसते जाहले, "ही निरगाठ कोणी मारिली?"

"आईनं," चिमाबाई म्हणाली. मग सरदारांनी शेवटची गाठ कापिली, आणि धुमसते छप्पर अंगणात पडले, आणि बायका गोणपाटे घेऊन त्यावर तुटून पडल्या आणि तेही तळ्यात लोटिले.

मग वणवा आला, आणि त्यास उघड्या भिंती दिसल्या, खावयास काही दिसले नाही, आणि तो तळ्याकाठी येऊन निजला. राख फुलांप्रमाणे पडत राहिली. भागूने डोळे उघडिले तो वर आभाळ.

"आई, छप्पर कुठं गेलं?"

"पोहायला गेलंय. नीज तू."

येणेप्रमाणे वणवा आला आणि गेला. माणसे सारी राहिली. पुढे सरदार वारा पाहून निम्मी माणसे गावात ठेवू लागले. चिमाबाईने लेकीचे छप्पर पुन्हा शाकारिले, शेवटच्या गाठीस हात निरगाठीकडे वळला, परंतु सुरगाठच मारिली.