मुरलीतात्या आणि परगावच्या पाली

पाल दिसली की आमच्या आळेफाट्यावर माणसं झाडू शोधतात. मुरलीतात्या रिकामा डबा शोधायचे.

तात्यांचं ट्रकचं गॅरेज माझ्या टायरच्या दुकानाला लागून. फाट्यावर कुठकुठले ट्रक येतात. कोकणातून नारळाचे, नाशिककडून द्राक्षांचे, नगरकडून कांद्याचे. ताडपत्रीच्या घडीत बसून पाली, सरडे, सापसुरळ्याही येतात. ड्रायव्हर म्हणायचा, "तात्या, ब्रेक लागत नाही." तात्या ब्रेक राहू देत आणि आधी ताडपत्री झटकत. काही निघालंच तर विचारत, "माल कुठं भरला?" गाव कळलं की त्या जिवाकडे वाकून म्हणत, "लई लांब आलीस गं बाये."

मग तिला घरी पोचवणं आलंच. लांबची असेल तर तिकडे निघालेल्या ट्रकवाल्याच्या गळ्यात डबा पडायचा. जवळची असेल तर तात्या स्वतः जायचे.

एकदा जुन्नरच्या एस.टी.त मी त्यांच्याशेजारी होतो. त्यांच्या मांडीवर श्रीखंडाचा डबा, झाकणाला भोकं.

"काय आहे डब्यात?" कंडक्टरने विचारलं.

"पाल."

"काय?"

"लेण्यातली हाय. चुकून ट्रकात बसली. घरी सोडायला चाललोय."

समोरच्या बाकावरच्या दोन बायका उठल्या आणि थेट ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या. तात्यांनी कंडक्टरला मोकळा बाक दाखवला. "बसा की राव. जागा झाली."

कोणता प्राणी कुठला, यावर ते तासभर बोलू शकत. ऐकणाऱ्याच्या ट्रकचं चाक खोललेलं असल्यामुळे त्याला ऐकावंच लागे. "पाऊस जसा, तसा सरडा," ते सांगत. "भीमाशंकरच्या अंगाला दाट झाडी, तिथं झाडावरचा काळपट सरडा. तो हिकडं जगायचा न्हाई. लेण्यात, किल्ल्यावर, कातळाच्या फटीत ती मोठी खडबडीत पाल. आणि आपल्या पूर्वेला उघडा माळ. तिथं उन्हाळ्यात नर दगडावर बसून गळ्याखालचा निळा पंखा उघडतो. बायकोला दाखवायला. आमाला कुठला आलाय पंखा? आमी लग्नात टोपी घातली व्हती."

हे ऐकायला काकी दारात असल्या तर म्हणत, "ती पण मागून आणलेली." कौसाकाकी म्हणजे तात्यांची बायको. गॅरेजमागच्या दोन खोल्यांत दोघंच राहत.

माझा मेहुणा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तो आला तेव्हा मुद्दाम गाठ घालून दिली. त्याने सरळ सांगितलं, "तात्या, घरातली पाल माणसाबरोबर कुठंही जाते, कुठंही राहते. तिला परत पाठवण्यात काही अर्थ नाही. उलट इकडचा रोग तिकडे जायचा."

त्याचं खरंच होतं. तात्यांनी मान डोलावली. हातातला पाना पुसत बसले. मग म्हणाले, "कुठंही ऱ्हाते, हे पटलं सायेब. पण ऱ्हाते म्हंजी रमते का?"

मला हसू आलं होतं, पण तात्या हसत नव्हते.

त्यांना कुणी गाव विचारलं की एवढंच म्हणत, "व्हतं एक." आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरात होतं ते. लग्न होऊन काही वर्षं झाली आणि गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. बदली जमीन मिळाली, पण तात्यांचा जीव तिथे लागला नाही. ते फाट्यावर आले, हाताला ग्रीस लागलं आणि तेच कायम झालं.

दोन वर्षांपूर्वी काकी विसरायला लागल्या. आधी भाजीतलं मीठ, मग माणसांची नावं. मग हातात पिशवी घेऊन रस्त्यावर येऊन उभ्या राहायच्या.

"कुठं निघालीस कौसे?"

"घरी."

"हेच की घर."

"हे न्हाई."

तात्या त्यांना हाताला धरून आत न्यायचे. थोड्या वेळाने त्या पुन्हा बाहेर.

एके दुपारी त्या दिसेनात. तात्या हातातलं काम टाकून अनवाणी धावले. हॉटेलं, ट्रकांच्या रांगा, पेट्रोल पंप, सगळं आम्ही पालथं घातलं. काकी जुन्या गावाच्या दिशेच्या, मंचरच्या एस.टी.त खिडकीशी बसलेल्या सापडल्या. तात्या धापा टाकत वर चढले. मला वाटलं, आता ओरडणार. ते शेजारी बसले.

"सांज व्हायच्या आत पोचायला पायजे," काकी त्यांना म्हणाल्या.

"पोचू," तात्या म्हणाले. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "उद्या तुजी गाडी काढतो का?"

उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. धरणाचं पाणी खूप मागे गेलं होतं. मी नेता येईल तिथवर गाडी नेली. पुढे भेगाळलेला गाळ, त्यात घरांची जोती. दगडांवर शेवाळ वाळून पांढरं पडलेलं. काकी झपझप चालत होत्या. कित्येक महिन्यांत त्यांना तशी पावलं टाकताना मी पाहिलं नव्हतं. एका जोत्यापाशी थांबल्या, चपला बाहेर काढल्या, आत शिरल्या आणि पदराने एक दगड पुसायला लागल्या.

"सापडलं घर," मी म्हणालो.

तात्यांनी माझं मनगट दाबलं. हळूच म्हणाले, "आमचं पार खाली हाय, अजून पाण्यात. हे सुताराचं. बोलू नको."

काकींनी वर पाहिलं. तात्यांकडे बघून डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पावणं, उभं का? बसा की. आमचे हे वावरात गेल्यात. येत्याल इतक्यात."

तात्या हलले नाहीत. मी दुसरीकडे बघायला लागलो. मग त्यांनीही चपला काढल्या, आत गेले आणि पाहुणा बसतो तसे दगडाच्या कडेवर अवघडून बसले.

"च्या ठेवते."

"ठेवा. घाई न्हाई."

काकी गाळातच उकिडव्या बसल्या.

"कसे हायेत तुमचे मालक?" तात्यांनी विचारलं.

काकींनी विचार केला. "बोलत्यात लई. पर माज्याबिगर जेवत न्हाईत."

"मग बरे हायेत म्हणायचे."

"लई बरे." कपाळावर हात धरून त्यांनी पाण्याच्या दिशेला पाहिलं. "आज उशीर केला त्यांनी."

"येत्याल," तात्या म्हणाले. "तवर मी बसतो हितं. दोघं मिळून वाट बघू."