रावकाकांचं कलम सात

रावकाका पहिल्या भेटीत नमस्कार करत नाहीत, तुमच्या कपड्याचा रंग तपासतात. त्यांच्या खिशात साबणाची एक जुनी डबी असते आणि डबीत ओला पांढरा रुमाल. तो ते तुमच्या कॉलरवर तीन वेळा घासतात, उजेडाकडे धरून बघतात आणि निकाल देतात. रंग नाही गेला तर त्यांचं तोंड पडतं. गेला तर माणूस खुलतो, तुमच्या घरी कोण कोण असतं ते विचारतो.

मी तीन वर्षांपूर्वी सांगलीहून बदली होऊन चेन्नईला आले. पश्चिम तांबरममधल्या या इमारतीत आमचं दार त्यांच्या दारासमोर. पहिल्याच दिवशी लिफ्टपाशी त्यांनी मला गाठलं. "पदर दे मा, दोनच मिनिटं," म्हणाले. मी पार घाबरले. इरकलीचा पदर त्यांनी काठापाशी घासला आणि रुमाल लालभडक झाला. दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं की रंग पक्का आहे. मी शरमेने अर्धी झाले आणि हे गृहस्थ टाळी वाजवून म्हणाले, "जातो! उत्तम कापड!"

ते तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी ऐकताना एखादी जुनी सनद वाचल्यासारखं वाटतं, मध्येच तमिळमधलं मायेचं 'मा' आणि होकाराचं 'सेरी' येतं. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत असं, की ती फार घाईची आहे. वय ऐंशीच्या पुढे. बायको सुंदराबाई मी येण्याच्या आदल्या वर्षी गेल्या. घरात एकटेच. चौतीस वर्षं रेल्वेच्या दाव्यांच्या कचेरीत काढलेली. पार्सल भिजलं, फुटलं, सडलं, तर दोष कोणाकडे, हे ठरवायचं काम. ती सवय सुटली नव्हती. माझ्याकडे दूध उतू गेलं की वास घेत दारात हजर.

"दोष कोणाकडे?"

"माझ्याकडे, काका. फोनवर होते."

"नाही मा. दूध हा पदार्थच उतू जाणारा. मालाच्या अंगचा गुण. हाताळणाऱ्याचा दोष नाही." आणि समाधानाने परत जायचे. खरं सांगते, मलाही बरं वाटायचं.

गेल्या वर्षी पेपरात बातमी आली, की राज्याच्या मानचिन्हांत भर घालण्यासाठी एक समिती नेमली आहे आणि नागरिकांनी सूचना पाठवाव्यात. झालं. काका पेपर घेऊन आले.

"झाड आहे, पक्षी आहे, फुलपाखरूसुद्धा आहे. अंगावरचें कापड कां नाही?"

"कुठलं कापड? कांचीपुरमचं रेशीम?"

"रेशीम कोण रोज नेसतो? लुंगी! मद्रासी चौकड्यांची लुंगी!"

आता हे अगदीच वेडेपणाचं नव्हतं. रिक्षावाल्यापासून निवृत्त न्यायाधीशापर्यंत या शहरातला पुरुष घरी आल्यावर ज्यात शिरतो, ते कापड हेच. याच्या चौकड्या शहराचं नाव घेऊन जगभर गेल्या. मी चटकन टाइप करून देते म्हटलं, आणि पुढचे चार महिने अडकले. मसुदा अकरा वेळा टाइप केला. कलमं नऊ. आठ कलमांवर काकांनी माझ्याशी वाद घातला. एका कलमावर मी त्यांच्याशी घातला. ते कलम सात.

"धुताना या कापडाचा रंग जातो. यात धुणाऱ्याचा दोष नाही."

"काका, हे कशाला? आपण कापडाची स्तुती करतोय ना?"

"ही स्तुतीच आहे."

"पण धुणाऱ्याला दोष देतंय कोण?"

यावर ते डबी उघडून रुमाल ओला आहे का ते बघत बसले.

समितीने नमुना मागितला. आम्ही जॉर्ज टाउनमधल्या घाऊक दुकानांत गेलो. पहिल्या दुकानदाराने लुंगी झटकून उलगडली आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "सार, शंभर वेळा धुवा, रंग हलणार नाही." काका उठलेच. दुसऱ्याकडे तेच, तिसऱ्याकडे तेच. चौथ्याला ते म्हणाले, रंग जाणारी दाखव. त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. आम्ही उठावं म्हणून त्याने नोकराला हाक मारून पंखा बंद करायला सांगितला. आजकाल रंग जाणारी लुंगी मिळतच नाही. उन्हात उपाशी हिंडून आम्ही परत आलो. दोन दिवसांनी काका म्हणाले, नमुना मिळाला. कुठे मिळाला, ते सांगितलं नाही. कापडाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता.

सुनावणीचं पत्र आलं. सकाळी साडेअकरा, दहा मिनिटं, समितीची शेवटची बैठक. मी रजा टाकली. काका त्या दिवशी त्यांचा समारंभाचा सदरा घालून निघाले. हा सदरा मूळचा पांढरा असावा, पण आता सगळा फिकट गुलाबी, तोही कुठे जास्त कुठे कमी. लग्नाला, श्राद्धाला, मतदानाला तोच. इमारतीत सगळे त्यावरून हसतात. मीही हसले आहे. "काका, आज तरी दुसरा घाला," म्हटलं. ते तांबरम स्टेशनपर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालले.

समितीच्या कचेरीबाहेरच्या बाकावर आमच्या आधी सहा जण बसलेले. एक मिठाईसाठी आलेला, एक कुत्र्याच्या देशी जातीसाठी. आत जाणारा प्रत्येक जण चारच मिनिटांत तोंड लांब करून बाहेर येत होता. मिठाईवाला तर डबा न उघडताच परतला. काकांनी नमुन्याची घडी छातीशी घट्ट धरली होती. मी हळूच म्हटलं, "काका, त्यांनी काही बदल सांगितला तर मान्य करा. वाद नको." ते म्हणाले, "सेरी." इतक्या लवकर ते कधीच कबूल होत नाहीत. मला जास्तच भीती वाटली.

आत पाच माणसं. अध्यक्ष मऊ बोलणारे, केस पिकलेले. त्यांनी मसुदा खरोखर वाचला होता. "अय्या, माझे वडील आयुष्यभर हेच नेसले," ते काकांना तमिळ रीतीने आदराने म्हणाले, आणि माझा श्वास मोकळा झाला. काकांनी पाण्याचा पेला मागितला, लुंगीचं टोक त्यात बुडवलं. पाणी बघता बघता लाल झालं. एक सदस्य पुढे वाकून बघायला लागले. सहा मिनिटं झाली होती. सात. कुणी आम्हाला उठवत नव्हतं.

"आमची शिफारस आहे," अध्यक्ष म्हणाले. "फक्त कलम सात. मानचिन्हाचा रंग जातो, असं सरकारने कसं लिहायचं? 'धुतल्यावर रंग मृदू होत जातो' असं करूया."

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. "चालेल," ते म्हणाले. मला देवच पावला.

"आणि त्याचं दुसरं वाक्य काढून टाकू. धुणाऱ्याच्या दोषाचं. त्याचा इथे काही संबंध नाही."

"तें राहील."

"अय्या, बाकी सगळं मंजूर आहे. एक वाक्य."

"सगळीं काढा. तें राहूं द्या."

अध्यक्ष हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पेन काकांच्या पुढे सरकवलं, म्हणाले, तुम्हीच एक रेघ मारा, मी लगेच सही करतो. मी पेन उचलून काकांच्या बोटांत दिलं. अक्षरशः कोंबलं. काकांनी पेनाला टोपण लावलं, टेबलावर ठेवलं, ओली लुंगी पिळून घडी केली आणि हात जोडले. आम्ही बाहेर. तेरा मिनिटं झाली होती.

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले. चार महिने, अकरा मसुदे, माझी रजा! त्यांच्या दारात पोचल्यावर मात्र माझा बांध फुटला. "एका वाक्यासाठी, काका? हातात आलेलं घालवलंत! हट्टीपणाला काही सीमा?" ते मागच्या बाल्कनीत गेले. मीही बोलत बोलत मागे गेले. त्या घरात इतक्या आत मी कधी गेले नव्हते.

बाल्कनीत दोन लोखंडी बादल्या होत्या. एकीवर तेलरंगाने लिहिलेलं 'पांढरे', दुसरीवर 'रंगीत'. अक्षर वळणदार, कचेरीतलं.

"अक्षर माझें," काका म्हणाले. "तिची चूक परत होऊं नये म्हणून रंगविलें."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला महिना झाला होता. त्यांनी लुंग्यांची नवी जोडी आणली. सुंदराबाईंनी त्यातली एक कचेरीच्या पांढऱ्या सदऱ्यांबरोबर भिजवली. पाचही सदरे गुलाबी. "आईसमोर, शेजारच्या तिघींसमोर ओरडलों, तुला अक्कल नाही. ती म्हणाली, रंग जातो म्हणून मला कुणी सांगितलें नाही. मी म्हटलें, हें सांगावें लागतें?" त्याच दुपारी कचेरीत त्यांच्यापुढे एका हमालाचा कागद आला. हळदीच्या पोत्यामुळे कापडाचा गठ्ठा पिवळा झाला होता. "मी लिहिलें, मालाच्या अंगचा गुण, हाताळणाऱ्याचा दोष नाही. सही केली. हमाल सुटला. संध्याकाळी घरीं आलों, तिला कांही बोललों नाही."

"कधीच नाही?"

"सेहेचाळीस वर्षें ती दोन बादल्यांत धूत राहिली मा. शेवटल्या आठवड्यांत, तापांत, मला विचारते, वेगळें भिजवलें की?"

रागाने आलेल्या माणसाचे डोळे भरून आले की फार पंचाईत होते. मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले. समारंभाचा सदरा कुठला, हे आता सांगायला नको होतं. आणि नमुना म्हणजे जोडीतली दुसरी लुंगी. रागाने न वापरता ट्रंकेत टाकलेली, कधीच न धुतलेली.

"मग सरकारचं काय मध्ये, काका? तुम्हीच म्हणायचं होतं ना सुंदराबाईंना, तुझी चूक नव्हती."

"मी म्हटलें असतें तर नवऱ्याची दया झाली असती. बोललों चौघींसमोर. खोडायचें तर तसेंच चार लोकांसमोर खोडायला हवें. सरकारी कागद सगळे वाचतात."

ते आत गेले, दोरीवरची पांढरी वेष्टी, म्हणजे त्यांचं धोतर, घेऊन आले. 'पांढरे' लिहिलेल्या बादलीत पाणी सोडलं. वेष्टी भिजवली, आणि तिच्यावर ती लुंगी. हाताने खाली दाबली. लाल रंग पाण्यात पसरला, वेष्टीच्या घड्यांत शिरला. काका उकिडवे बसून बघत होते.

"दोष कोणाकडे मा?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"कापडाच्या अंगचा गुण आहे, काका. सुंदराबाईंचा दोष नाही."

"लिहून दे."

माझ्या पर्समध्ये अकरावा मसुदा होता. त्याच्या पाठीवर मी ते लिहिलं, सुंदराबाईंचं पूर्ण नाव घालून, आणि खाली सही केली. काकांनी हात पुसले, चष्मा चढवला, कागद दोनदा वाचला. कचेरीतला जुना कारकून वाचतो तसा, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून.

"एकच सही आहे," ते म्हणाले. "आणखी तिघी पाहिजेत."

मी कागद घेतला, डोळे पुसले आणि शेजारची घंटा वाजवायला बाहेर पडले.