नाताळात कुठे उभे राहावे

१९ डिसेंबर. सकाळपासून मी पुढच्या आठवड्याचा टँकरचा तक्ता आखत होते. कोणत्या गावाला कोणत्या दिवशी किती खेपा, हे फूटपट्टीनं रेघा मारून लिहायचं काम. जेवणाची सुट्टी होत आली, तक्ता निम्मा झाला, आणि माझ्या लक्षात आलं की गायकवाडांचा नाताळचा कागद अजून आलेला नाही.

आमच्या लातूरच्या कार्यालयात आवक-जावकचे लिपिक दगडू गायकवाड दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर एक परिपत्रक काढत. टाइप केलेलं, तीन कार्बन प्रती, वर जावक क्रमांक, खाली गोल शिक्का. साहेबांची सही नसे, कारण साहेबांना ते माहीतच नसे. विषय असा: 'नाताळात हैदराबाद-सिकंदराबाद येथे काय पाहावे व कुठे उभे राहावे.'

नाताळशी गायकवाडांचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. काही नाही. ते बौद्ध. मी खंडोबा मानणाऱ्या शेतकरी घरातली. बाकी कार्यालयाला नाताळ म्हणजे सुट्ट्यांच्या यादीतली एक ओळ. मी त्यांना पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "गायकवाड, हे काय?" ते म्हणाले, "आमचा सण न्हाई, तुमचाबी न्हाई. पण दिवे काय आडनाव इचारून लागतेत का, बाई?" आणि कागद घेतल्याची सही मागितली.

जिल्हा तेव्हा नवा होता. कार्यालय जिनिंगच्या एका जुन्या गोदामात भरत असे. वाऱ्याची झुळूक आली की कुठून तरी कापूस उडून चहात पडे. उस्मानाबादेहून फायली उघड्या ट्रकमधून आल्या आणि कोरड्या राहिल्या. दुष्काळाचा तेवढा एक फायदा. कोणती फाईल कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नसे, गायकवाड सोडून. त्यांचं एकच तत्त्व होतं: "कागद गेला म्हंजे गेला न्हाई. पोच आली म्हंजे गेला."

हे तत्त्व ते कार्यालयाबाहेरही पाळत. कुणी लग्नाची पत्रिका दिली की तिच्यावर तारखेचा शिक्का मारून एक चिठ्ठी परत देत: 'पत्रिका मिळाली.' आमच्या एका इंजिनियरला मुलगी झाली. त्यानं पेढे वाटले, तर गायकवाडांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "आवक किती वाजता झाली?" माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांची खोली. बायको गावाकडे, शिरूर अनंतपाळच्या बाजूला, घर आणि शेत बघून राहिलेली. हे इथे एकटे. एकदा त्यांच्याकडे पाहुणे आले म्हणून मी वाटीभर साखर पाठवली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, आत चिठ्ठी: 'साखर पोचली. गोड आहे.'

आता त्या नाताळच्या कागदाबद्दल. लातूरचा माणूस औषधपाण्याला, बांगड्यांना, नोकरीच्या मुलाखतीला हैदराबादेला जातोच. डिसेंबरात जाणाऱ्याच्या हातात गायकवाड हा कागद ठेवत. त्यातली काही कलमं मला पाठ आहेत.

'बेकरी: सायंकाळी साडेसहा. मागच्या दाराशी उभे राहावे. पुढून फक्त काच दिसते, वास मागून येतो.'

'मोठे झाड: साहेबलोकांच्या क्लबात. भिंतीबाहेर तिसऱ्या दिव्याच्या खांबाजवळच्या दगडावर उभे राहिल्यास शेंड्यावरची चांदणी व वरचे निम्मे दिवे दिसतात.'

'गाणारी मंडळी: रेल्वे क्वार्टर्सची गल्ली. ते दर घरापुढे थांबतात. आपण दोन घरे अलीकडे थांबावे, म्हणजे गाणे दोनदा मिळते.'

'घड्याळाचे चर्च: फाटकाच्या डावीकडे चिंचेखाली. जरा वाकल्यास आतली गव्हाण दिसते. बाळ चांगले आहे. गाय बरी आहे, पण जातिवंत नाही.'

आम्ही हसायचो, पण जाणारा माणूस कागद बरोबर न्यायचा. आणि परत आल्यावर पोच द्यावीच लागे. गायकवाडांकडे त्यांची वेगळी फाईल होती. 'पाहिले. केक चांगला. पाय दुखले.' 'दगडावर आधीच एक कुटुंब उभे होते, अर्धा तास थांबावे लागले.' लेखा शाखेच्या भाऊसाहेबांनी लिहिलं होतं, 'वास घेतला. बायको म्हणाली, आता विकतही घ्या.' अशी प्रत्येक पोच गायकवाड चष्मा पुसून दोनदा वाचत आणि तिच्यावर आवकेचा शिक्का इतक्या जपून मारत, जणू शाईला दुखेल.

मागच्या डिसेंबरात मी आणि आमचे हे, त्यांच्या गुडघ्यासाठी हैदराबादेला गेलो. डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी बोलावलं, संध्याकाळ मोकळी होती, तेव्हा मी कागद काढला. खरं सांगते, सगळं लिहिल्याबरहुकूम होतं. मागच्या दाराशी वास होता. दगडावरून चांदणी दिसली. चर्चच्या फाटकाशी चिंचही होती. तिच्याखाली वाकून गाय बघत होते, तेवढ्यात आतून कोटातला एक म्हातारा आला आणि म्हणाला, "अंदर आओ ना अम्मा, बाहर कायको खड़े?" मी गेले. बाकावर बसले. शेजारच्या बाईनं केकचा तुकडा दिला, तो खाल्ला. गाय जवळून पाहिली. एक शिंग मोडकं होतं.

परत आल्यावर मी पोच दिली. आता मी कारकून बाई. कागदात चूक दिसली की दुरुस्ती सुचवायची, हे हाताला लागलेलं वळण. मी लिहिलं: 'चर्च आत जाऊन पाहिले. कोणी अडवत नाही. चिंचेखाली उभे राहण्याची गरज नाही. परिपत्रकात दुरुस्ती व्हावी.'

गायकवाडांनी ती पोच वाचली. दुसऱ्यांदा वाचली नाही. शिक्काही मारला नाही. घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरं."

आणि आता एकोणीस डिसेंबर आला होता आणि कागद नव्हता. मी उठून त्यांच्या टेबलाशी गेले. ते शिक्क्यांच्या तारखा फिरवत बसले होते.

"गायकवाड, नाताळचा कागद?"

"औंदा न्हाई, बाई."

"कामून?"

"दुरुस्ती करता येईना."

"एका ओळीची तर दुरुस्ती आहे. चिंच खोडा, आत लिहा."

त्यांनी खणातून ती पोचांची फाईल काढली आणि सगळ्यात खालचा कागद माझ्यापुढे सरकवला. मजुरांच्या हजेरीपटाच्या मागच्या बाजूला शाईच्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. 'प्रति, सौ. पारूबाई. पुढल्या नाताळात तुला नवे लुगडे घेईन व आपण आत जाऊ. कळावे.' वर नंतर कधीतरी नवा आकडा घातलेला: जावक क्रमांक १. पोचेचा रकाना कोरा.

मग त्यांनी सांगितलं, शिक्क्याची तारीख पुढेमागे फिरवत. मागच्या मोठ्या दुष्काळात, चौदा वर्षांपूर्वी, नवरा-बायको सिकंदराबादेला मजुरीला गेले होते. मॅट्रिक झालेला माणूस, पण खडी फोडत होता. नाताळच्या संध्याकाळी सुट्टी मिळाली, तर दोघं फिरत निघाले. बेकरीच्या मागचं दार, तो दगड, ती गल्ली, ती चिंच. त्यांनाही असंच कुणीतरी आत बोलावलं. अंगावर चुन्याची धूळ. गायकवाडांनी बायकोचा हात धरून तिला मागं ओढलं.

"म्हनलं पुढच्या साली, चांगले कपडे घालून. मग पाऊस झाला, गावी आलो. मग नोकरी लागली. मग..." त्यांनी तारीख परत मागं फिरवली. "आमच्या गावातल्या देवळात माज्या बाला कुनी 'आत ये' म्हनलं न्हाई, आज्याला म्हनलं न्हाई. म्हननारा एकच मानूस भेटला, अन मला जाता आलं न्हाई. तुमी गेल्या, बाई. तुमाला कोन अडवनार?"

मी तो कागद परत त्यांच्याकडे सरकवला.

"मग आता जा," मी म्हटलं.

"आता काय. तिच्या दोनी डोळ्यांत मोतीबिंदू. परवाच दवाखान्यात दाखवायला आनली. डॉक्टर म्हनला पिकला न्हाई, उन्हाळा झाल्यावर या. दिवे दाखवायचे कुनाला?" त्यांनी फाईल बांधली. "ह्यो कागद बंद करून टाकतो. प्रलंबित ठेवून तरी काय."

कार्यालय सुटल्यावर मी थेट त्यांच्या खोलीवर गेले. गायकवाड अजून यायचे होते. दारात पारूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. दाणा डोळ्याला दिसत नव्हता, म्हणून बोटांनी चाचपून खडे काढत होत्या, आणि माझ्यापेक्षा चांगले काढत होत्या. मी नाव सांगितलं.

"साखरवाल्या बाई का? बसा. ते सांगत असतेत."

मी सरळ मुद्द्यावर आले. "पारूबाई, नाताळ बघायला जाताल का?"

त्यांचा हात सुपातच थांबला. मग त्या हसायला लागल्या. "ह्येंनी पाठवलं का तुमाला? न्हाई, ते कशाला पाठवतील. चौदा साल झाले त्याला. नोकरी लागल्यापासनं सगळ्या हापिसाला कागद देऊन राहिले. मला एकदा इचारलं न्हाई."

"ते म्हणतात तुम्हाला आता दिसत नाही."

"त्येंना काय ठावं मला काय दिसतंय?" पारूबाईंनी गल्लीच्या टोकाकडे बोट केलं. नुकताच खांबावरचा दिवा लागला होता. "त्यो दिवा तुमाला किती दिसतो?"

"एक."

"मला चार दिसून राहिले. अन परत्येकाला भवताली कडं, सूर्यफुलावानी. बाई, तितं हजार दिवे लागतेत. सगळ्यांत जास्त नाताळ मलाच दिसंल." त्यांनी सूप बाजूला सारलं. "गाय तेवढी दिसनार न्हाई. तिला हात लावून बघीन, लावू देत असले तर."

"लावू देतील. एक शिंग मोडकं आहे, जपून."

मग त्यांनी भिंतीशी चाचपत पत्र्याची पेटी उघडली. तळातून हिरवं लुगडं निघालं, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचं. घडीवर पार विरलेलं. "नोकरी लागली त्या साली घेतलं होतं ह्येंनी. म्हनले, नाताळाला. पोरीच्या लग्नातबी नेसले न्हाई मी. नाताळाचं हाय ना." त्या घडीवरून बोट फिरवत राहिल्या. "मला काय भ्या न्हाई बाई. मी तवाच चालले होते. भेत्यात ते. मोठा शिक्का हातात घिऊन बसतेत, अन उंबऱ्याला भेत्यात."

तेवढ्यात गायकवाड आले. मला बघितलं, पेटी बघितली, आणि दारातच उभे राहिले. स्वतःच्याच खोलीच्या दारात, डावीकडे.

"आत या की," पारूबाई म्हणाल्या. "का इतंबी चिंच हाय?"

चप्पल काढायला गायकवाडांना बराच वेळ लागला. मी चहा न घेता निघाले. घरी घागरी भरायच्या होत्या, आठ दिवसांनी आज नळ येणार होता. मागून पारूबाईंचा आवाज आला, "कवाची गाडी असती हो, हैदराबादची?" आणि मी दोन घरे पुढे गेल्यावर गायकवाडांचा, "सकाळी सहा. खिडकीजवळ डावीकडं बसावं, ऊन लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालय उघडायच्या आधी पोचले. गायकवाडांच्या नावानं चार दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला, साहेब खुर्चीत टेकायच्या आत त्यांची शिफारस घेतली आणि तो आवकेत टाकला. गायकवाड आले, पेटीतलं टपाल काढलं, आपलाच अर्ज हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. माझ्याकडे बघितलं नाही. सही केली, शिक्का मारला, क्रमांक घातला. मग खणातून माझी मागच्या वर्षीची पोच काढली, घडी सरळ केली आणि तिच्यावरही शिक्का मारला, जपून.

मी टाइपरायटरवर तीन कार्बन लावले आणि यंदाचा नाताळचा कागद टाइप केला. बेकरी, झाड, गल्ली तशीच ठेवली. चर्चच्या कलमात चिंच खोडली, 'आत जावे' लिहिलं. गायकवाडांच्या शिक्क्याच्या पॅडची शाई सुकत आली होती, त्यात चार थेंब टाकले, आणि टँकरचा उरलेला तक्ता पुरा करायला बसले.